शनिवारचं पान : शाळेचं साप्ताहिक वार्तापत्र कसं काढावं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या, नाहीतर शाळा सुधारणा कमिटीवर नव्याने आलेल्या पालकाच्या गळ्यात एक काम हमखास पडतं : "घरी निरोप नीट पोचत नाहीत, जरा बघा की." आपल्याकडे निरोपाला घरी जाईपर्यंत तीन भाषा ओलांडाव्या लागतात. खात्याचं परिपत्रक कन्नडमध्ये असतं, पोर्टलवरचे रकाने इंग्रजीत असतात आणि घर मराठी. त्यात मूल दारातच दप्तर टाकून सांगतं, "उद्या कायतरी आणायला सांगितलंय." काय, कशाला, किती वाजता, काही पत्ता नाही. यावर आठवड्याला एक कागद हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो कसा काढायचा आणि कुठे फसतो, ते इथे दिलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. हे पान पुढच्या आठवड्याचं आहे, मागच्या आठवड्याचं नाही. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. पाहुण्यांचा सत्कार, दीपप्रज्वलन आणि आभारप्रदर्शन यांनी पान भरतं आणि बुधवारच्या पालकसभेची वेळ खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात जाते. आई पान हातात घेते ती सोमवारी मुलाला काय लागणार हे बघायला. म्हणून दर्शनी बाजूला येणारे सहा दिवस, आणि झालेल्या गोष्टी मागच्या बाजूला.

किती प्रती, कोणाच्या हाती

प्रती मुलांच्या संख्येवर काढू नका, घरांच्या संख्येवर काढा. हजेरीपट घेऊन एकदाच बसा आणि भावंडं जुळवून घरांची यादी करा. पान घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलाच्या हाती द्यायचं. थोरलं दोन वर्षांत हायस्कुलात जातं आणि यादी परत करावी लागते. शिवाय धाकट्याचं दप्तर आई रोज उघडते, सातवीतल्या मुलाचं उघडत नाही. धाकटं त्या दिवशी गैरहजर असेल तर त्याच्या वर्गशिक्षकाने पान थोरल्याकडे पोचवायचं. हे कोणी करायचं ते ठरलेलं नसेल तर नेमकं तेच घर कोरडं राहतं.

समजा ५६ घरं आहेत. वर ६ प्रती जादा काढा : वार्ताफलकाला एक, फायलीला एक, मुख्याध्यापकांना एक, अंगणवाडीला एक, गावच्या दूध डेअरीत लावायला एक आणि एक हरवणाऱ्यासाठी. असे ६२ कागद झाले. ५०० कागदांची एक रीम आठ आठवडे पुरते, सुट्ट्या वजा जाता वर्षाला पाच रिमा धरा. कागद ७५ जीएसएमचा घ्या, त्याहून पातळ असला की मागच्या बाजूची छपाई पुढे दिसते.

कागदाची घडी घालून चार पानांची पुस्तिका करायचा मोह टाळा. दिसते छान, पण अक्षर बारीक होतं आणि आजीला वाचता येत नाही. ए-फोरचा एकच कागद, दोन्ही बाजू, १४ पॉइंटचं अक्षर. एका बाजूला तीनशेच्या आसपास शब्द बसतात, तेवढे पुरतात. वरच्या कडेला दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडा. घरोघरी लाइटबिलं अडकवायची एक तार असते, हे पानही तिथेच जाणार आणि तारेच्या भोकात तारीख गेली तर कोणाला कळणार नाही.

आठवड्याची घडी

स्टाफरूममध्ये एक निरोपवही ठेवा. सोमवार ते बुधवार ज्याला जे कळवायचं ते त्याने त्यात एका ओळीत लिहायचं, खाली सही. तोंडी निरोप घ्यायचा नाही, हा नियम पहिल्या महिन्यात कडक पाळा. पुढे तो आपोआप पाळला जातो.

गुरुवारी शेवटच्या तासापर्यंत मजकूर टाइप करून संपवा. शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी मुख्याध्यापकांनी वाचून सही करायची, सुटीनंतर झेरॉक्स. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शेवटच्या तासाला वाटप. पोरं थेट घरी जातात, पान दुपारपर्यंत पोचतं आणि वह्या, दाखले, चार्टपेपर जे काय आणायचं त्याला शनिवार संध्याकाळ आणि रविवार हाताशी राहतो. सोमवारी वाटलेलं पान म्हणजे सोमवार गेलाच.

शुक्रवारच्या सहीत दिरंगाई हे पान बंद पडण्याचं पहिलं कारण आहे. मुख्याध्यापक बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले तर सही कोणी करायची, ते जूनमध्येच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

निरोप लिहिताना

प्रत्येक निरोपात पाच गोष्टी हव्यात : वार आणि तारीख दोन्ही, वेळ, ठिकाण, कोणाला लागू, काय आणायचं. वार आणि तारीख एकमेकांशी जुळतात का, हे कॅलेंडर समोर ठेवून तपासा. नुसती तारीख लिहिली तर पालक वार चुकतात, नुसता वार लिहिला तर या आठवड्याचा की पुढच्या, असा घोळ होतो.

आता हे वाक्य बघा : "पालकांनी विद्यार्थी वेतनासाठी आवश्यक ती कागदपत्रे त्वरित सादर करावीत." यात एकही गोष्ट कळत नाही. तेच असं लिहा :

"शिष्यवृत्ती, ५ वी ते ७ वी. बुधवार १६ जुलैपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्या : मुलाच्या आधारकार्डाची झेरॉक्स, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स (आरडी नंबर, म्हणजे दाखल्यावरचा क्रमांक, स्पष्ट दिसला पाहिजे), पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर नाडकचेरीत (महसूल खात्याच्या ऑफिसात) आत्ताच अर्ज करा. बँकखातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही जमा होत नाहीत, ते बँकेत विचारून घ्या."

लांब झालं खरं, पण याने पाच फेऱ्या वाचतात. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकायचं नेहमीचं कारण म्हणजे नावातला फरक. एसएटीएसमध्ये, म्हणजे खात्याच्या पोर्टलवरच्या मुलांच्या नोंदीत, वडिलांचं नाव आहे आणि आधारवर नाही, किंवा आडनाव एका जागी आहे आणि दुसरीकडे नाही. म्हणून शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन पानांत एकच ओळ सतत छापा : "मुलाचं नाव आधारवर आणि शाळेत एकसारखं आहे का, ते वर्गशिक्षकांकडे येऊन बघा."

कन्नड परिपत्रक मराठीत आणताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या कन्नड न येणाऱ्यांकडून कमी, थोडंफार येणाऱ्यांकडून जास्त होतात. कारण दोन्ही भाषांत शब्द एकच आणि अर्थ वेगळा, असं पुष्कळ आहे. वर आलेलं 'विद्यार्थी वेतन' हे त्यातलंच. कन्नडमध्ये ती शिष्यवृत्ती, आपल्याकडे वेतन म्हणजे पगार. 'दाखलाती' म्हणजे शाळेतला प्रवेश, पण पालक तो शब्द वाचून दाखला काढायला तलाठ्याकडे पळतात. 'अवकाश' म्हणजे संधी किंवा मुभा. 'अवकाश इल्ला' असेल तर तशी परवानगी नाही असा अर्थ, वेळ नाही असा नव्हे. 'वर्गावणे' म्हणजे बदली, त्याचा वर्गाशी संबंध नाही, म्हणून 'वर्गावणे प्रमाणपत्र' म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण टीसी म्हणतो. 'तरगती' म्हणजे इयत्ता, 'पोषकरु' म्हणजे पालक, 'कड्डाय' म्हणजे सक्तीचं, 'भानुवार' म्हणजे रविवार. दहावीच्या परिपत्रकात 'पूर्वसिद्धता परीक्षे' येते, ती सराव परीक्षा.

एका जोडीकडे विशेष लक्ष द्या. 'मुंदूडलागिदे' म्हणजे पुढे ढकललं आहे, 'रद्दु' म्हणजे रद्द. ढकललेल्या परीक्षेला रद्द लिहिलंत तर पोरं पुस्तक मिटून ठेवतात. हाताने लिहिलेल्या कन्नड आकड्यांत सहा आणि नऊ फार सारखे दिसतात, तेव्हा तारीख असेल तर दोनदा विचारा.

मोबाइलवरच्या भाषांतरावर विसंबू नका. ते वाक्य बरं लावतं, पण नकार कधीकधी गाळतं आणि 'च' कुठे जोर देतो ते त्याला कळत नाही. मजकूर आधी मराठीत तयार करा आणि शाळेत कन्नड विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना मूळ परिपत्रकाशी ताडून बघायला द्या. पाच मिनिटांचं काम आहे. शेवटी परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख कंसात छापा. पालक बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात गेले की कारकुनाचा पहिला प्रश्न तोच असतो.

मराठी मात्र घरातली ठेवा. "कड्डायपणे हाजर राहावे" असली खिचडी कागदावर नको, बोलताना ती चालते.

सुट्ट्या : भिंतीवरचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर

इकडच्या घरांत भिंतीवर मराठी दिनदर्शिका असते आणि तिच्यातल्या लाल तारखा महाराष्ट्राच्या असतात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती तिकडे सरकारी सुट्टी आहे, कर्नाटकात नाही. उलट वाल्मीकी जयंती आणि कनकदास जयंती इथे सुट्टी, आणि घरी कोणाच्या लक्षात नसतं. पोर डबा घेऊन बंद फाटकापाशी उभं राहतं. अशा प्रत्येक तारखेच्या आदल्या शनिवारी, लाल तारीख असून शाळा आहे की काळी तारीख असून सुट्टी आहे, ते ठळक लिहा.

मोठा घोळ लांब सुट्ट्यांचा. कर्नाटकात मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला मोजके दिवस. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडे मोठी सुट्टी दिवाळीची. भाऊबीजेला माहेरी गेलेली आई भाच्यांची सुट्टी संपेपर्यंत राहते आणि इथे वर्ग अर्धा रिकामा. तसंच उन्हाळ्यात. आपल्याकडे १० एप्रिलच्या सुमारास वर्ष संपतं आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला शाळा उघडते, महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर. मामाच्या घरी अजून सुट्टी चालू असते, मग आपलं पोर तरी कशाला येईल? हे टाळायचं तर शाळा उघडण्याची तारीख एप्रिलच्या शेवटच्या पानावर चौकटीत छापा, खाली लिहा : "तिकडची शाळा उशिरा उघडते, आपली नाही." पाठ्यपुस्तकं आणि गणवेश कोणत्या दिवशी वाटणार तेही त्याच चौकटीत घाला. सुट्टी लवकर आवरायला एवढं निमित्त पुरतं.

गावच्या लक्ष्मीयात्रेचं वेगळंच. ती बऱ्याच वर्षांनी येते आणि आली की घराघरात पाहुणे. त्या आठवड्यात हजेरी बसणार नाही हे धरूनच चाला आणि एफए म्हणजे घटक चाचणी त्यात ठेवू नका. तारीख पंचांकडून महिनाभर आधी कळते, विचारायला संकोच करू नका.

पाऊस

जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी, जांबोटीकडे पाऊस लागला की सुट्टी रात्री जाहीर होते. तेव्हा छापलेलं पान उपयोगाचं नाही. पण त्या दोन महिन्यांत पानाच्या तळाशी एक कायमची ओळ ठेवा : सुट्टीचा निरोप किती वाजेपर्यंत येईल, कोणाकडून येईल, रेंज नसलेल्या वाडीत तो कोण सांगेल. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या वाड्यांवर फोन लागत नाही, तिथे सकाळी दूध घालायला येणारा माणूस हाच आपला व्हॉट्सअ‍ॅप गट.

दरवर्षी मागच्या वर्षीचा सुट्टीचा आदेश पुन्हा फिरतो. आदेशात दोन गोष्टी बघायला पालकांना शिकवा, तारीख आणि तालुक्यांची नावं. जिल्हा एवढा मोठा की खानापुरात धो धो पाऊस असताना अथणीत धूळ उडत असते, त्यामुळे सुट्टी बहुधा काही तालुक्यांपुरतीच असते. बुडालेले दिवस पुढे शनिवारी पूर्णवेळ शाळा भरवून काढतात. त्या शनिवारी डबा लागतो, तेही आधी कळवा.

दूध, अंडं आणि श्रावण

दुपारचं जेवण आणि क्षीरभाग्यचं दूध रोजचंच, त्यावर रोज लिहायची गरज नाही. २०१३ पासून चालू असलेल्या त्या योजनेत मुलाला १५० मिली दूध मिळतं, ते १८ ग्रॅम पावडरीपासून करतात, ही माहिती वर्षातून एकदा पहिलीच्या पालकांसाठी दिली की झालं. बदल असेल तेवढाच छापा.

अंड्याचं मात्र आधी विचारावं लागतं. अंडं न खाणाऱ्याला केळं मिळतं आणि ती नोंद वर्षाच्या सुरुवातीला होते. पण श्रावण लागला की एरवी अंडं खाणारी निम्मी घरं बंद करतात. काहींचा फक्त सोमवार, काहींचा शनिवारही, काहींचा अख्खा महिना. उकडलेली अंडी उरतात आणि केळी कमी पडतात. म्हणून आषाढ संपायच्या आधीच्या शनिवारी पानाच्या तळाला कापून द्यायची पावती ठेवा : मुलाचं नाव, इयत्ता, "श्रावणात अंडं नको : सोमवार / शनिवार / पूर्ण महिना", पालकांची सही. सोमवारपर्यंत परत आल्या की स्वयंपाकाच्या ताईंना वारानुसार आकडा देता येतो.

मागची बाजू

झालेल्या गोष्टी, निकाल आणि मुलांचं लेखन इथे. खो-खो, कबड्डीचे क्लस्टर पातळीवरचे सामने, प्रतिभा कारंजी या शालेय कलागुण स्पर्धांतली कंठपाठ, रांगोळी, कथाकथन ही बक्षिसं, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १४ नोव्हेंबर. सहावी-सातवीतली दोन मुलं बातमीदार नेमा आणि दर महिन्याला जोडी बदला. त्यांना एकच बंदी घाला : "कार्यक्रम उत्साहात पार पडला" हे वाक्य लिहायचं नाही. त्याऐवजी काय दिसलं ते लिहायचं. "पाचवीने शाळेमागे चार वाफ्यांत मेथी पेरली. तिसऱ्या वाफ्यात पाणी साचलं म्हणून तिथे उगवली नाही." दोन ओळी, पण आजोबा त्यावर पोराशी बोलतात आणि पाणी कुठून काढायचं तेही सांगतात.

दहावी असेल तर एसएसएलसीच्या गुणांचा हिशेब एकदा छापा. पहिली भाषा १२५, बाकीचे पाच विषय १०० प्रत्येकी, एकूण ६२५. सीमेपलीकडच्या पाहुण्यांचं गणित वेगळं असतं आणि "एवढ्यापैकी एवढे" सांगताना पालक गोंधळतात.

काय छापू नये, तेही पक्कं असू द्या. आधार क्रमांक, एसएटीएस क्रमांक, फोन नंबर नाही. कमी गुणांची यादी नाही. शिष्यवृत्तीचे कागद कोणी दिले नाहीत त्यांची नावं तर अजिबात नाहीत, त्या यादीतून घराची जात आणि उत्पन्न दोन्ही गावभर होतं. अशा पालकांना वहीत वेगळी चिठ्ठी द्या.

टायपिंग आणि झेरॉक्स

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. डीटीपीवाल्याकडची जुनी श्रीलिपी किंवा कन्नडची नुडी यांतला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की चिन्हांचा चुरा होतो, आणि हे नेहमी शुक्रवारी चार वाजताच लक्षात येतं. फाइल पीडीएफ करूनच झेरॉक्सला न्या. 'दुसऱ्या', 'सुट्टीच्या वाऱ्या' यांत ऱ हे वेगळं अक्षर निवडावं लागतं, नाहीतर रफार होऊन भलतंच दिसतं. बोलून टाइप करत असाल तर गावांची नावं हाताने तपासा. येळ्ळूर, बेनकनहळ्ळी, हलशी यांचं मशीन काहीही करतं.

फोटो झेरॉक्समध्ये काळाठिक्कर येतो, चेहरे ओळखू येत नाहीत. फोटोऐवजी मुलांनी काळ्या पेनाने काढलेलं चित्र घ्या. पेन्सिल उमटत नाही, निळं बॉलपेन फिकट येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरही पान टाका, पण तेवढ्यावर राहू नका. घरातला फोन बहुधा वडिलांकडे, आणि वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या पाळीवर. गटावर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं अशी सोय करा, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली परीक्षेची तारीख गाडली जाते.

चूक झाली तर

तारीख किंवा वेळ चुकली आणि शनिवार गेला, तर सोमवारी प्रार्थनेनंतर तळहाताएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या त्याच यादीने वाटा. बाकीची दुरुस्ती पुढच्या पानावर, दर्शनी बाजूला, वरच. मागे कोपऱ्यात नको.

आणि तळाला कापून द्यायची पावती असेल तर छापण्याआधी पान उलटं करून बघा. पावतीच्या पाठीमागे सहलीची वेळ नाहीतर परीक्षेचं वेळापत्रक आलं असेल तर सोमवारी पावतीबरोबर ते परत शाळेत येतं आणि घरी उरतो तो खालून कापलेला कागद. पावतीची मागची जागा कोरी ठेवा.